“तुझा स्वभावच तसा आहे” असं कोणी तोंडावर बोलल्यानंतर काय करायचं, पायरी पायरीने

“किती कीस काढतेस गं प्रत्येक गोष्टीचा, तुझ्याबरोबर काही ठरवायचं म्हणजे जीव नकोसा होतो.” माझ्या खूप जुन्या मैत्रिणीचा हा मेसेज, रात्री अकराच्या पुढे आलेला, आम्ही दोघी मिळून एक ट्रिप ठरवत होतो. मी तो वाचला, फोन उलटा ठेवला, आणि त्यानंतर जवळपास चार महिने मी कुणाला काही विचारणंच सोडून दिलं. मुद्दाम ठरवून नाही, पण प्रश्न जिभेवर आला की तेच वाक्य आठवायचं आणि मी गप्प बसायचे. एकदा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर एवढंच विचारायचं होतं, नाही विचारलं, आणि बाहेर आल्यावर हातात ते पाकीट धरून रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. गोळ्यांसाठी रडत नव्हते हे मला तेव्हाच कळत होतं.

आपल्याकडे म्हणतात ना, स्वभावाला औषध नाही. मी ते खूपदा ऐकलंय, प्रत्येक वेळी बोलणाऱ्याने हात झटकताना. हल्ली मला वाटतं की औषध शोधायचंच कशाला, आजार आहे असं ठरवलं कोणी? पण ते बोलणं आपल्याला लागतं आणि लागल्यावर नक्की करायचं काय हे कोणी शिकवत नाही. मला चाचपडत वर्ष गेलं, म्हणून आता ज्या क्रमाने केलं असतं तर बरं झालं असतं त्या क्रमाने लिहितेय.

पायरी १: पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका

छातीत धस्स होणं, कान तापणं, तेच वाक्य डोक्यात शंभरदा फिरणं, हे सगळ्यांना होतं, त्यावरून तुम्ही कमकुवत आहात असं समजू नका. मराठीत अंगाला लागतं तेही “लागलं” आणि मनाला लागतं तेही “लागलं”, आणि २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला त्यात असंच काहीसं दिसलं. लोकांना कॉम्प्युटरवर चेंडू टाकायचा साधा खेळ खेळायला लावला आणि मध्येच त्यांना कोणी चेंडू देईना, तर मेंदूतला जो भाग शारीरिक वेदनेच्या त्रासात काम करतो तोच भाग तेव्हा जास्त सक्रिय झालेला दिसला. नुसत्या चेंडूने हे होतं, मग जवळच्या माणसाच्या वाक्याने का होणार नाही.

दुसरं म्हणजे वाईट गोष्ट चांगल्यापेक्षा जड भरतेच. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये खूप अभ्यास एकत्र वाचून हेच मांडलं होतं, की वाईट प्रसंग, वाईट भावना, वाईट अभिप्राय हे चांगल्यापेक्षा जास्त खोल उमटतात. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत तुमच्या हातातली तराजू नीट नसते, त्यावर काही तोलायचं नाही.

तर या दोन दिवसांत “हो गं बाई, मी आहेच वाईट” असं लिहायचं नाही, “मी अशीच आहे, पटत असेल तर बघ” असंही नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे “मी बदलेन, प्रॉमिस” हे तर अजिबात नाही, कारण घाबरून दिलेलं ते वचन नंतर आपल्याच मानगुटीवर बसतं. रिप्लाय द्यायलाच लागत असेल तर एवढंच पुरतं: “वाचलं. मला थोडा वेळ हवाय, दोन दिवसांनी बोलते.” स्क्रीनशॉट काढून पाच जणांना पाठवू नका. मी पाठवले होते, पाचही जणींनी माझी बाजू घेतली आणि त्या निमित्ताने ते वाक्य मी पाच वेळा परत जगले. एकाच भरवशाच्या माणसाशी बोला, आणि झोप होऊ द्या.

पायरी २: वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवा

ही पायरी बघायला किरकोळ आहे पण माझ्यासाठी सगळा फरक इथे पडला, म्हणून जरा थांबून सांगते.

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे समोरचा माणूस जे बोलला ते शब्द, एकही शब्द न बदलता. मेसेज असेल तर बघून उतरवा, तोंडी असेल तर आठवेल तेवढंच, खात्री नसलेला शब्द लिहू नका. उजवीकडे तुमच्या मनाने त्याचा काय अर्थ लावला ते.

माझ्या डावीकडे होतं: “किती कीस काढतेस गं प्रत्येक गोष्टीचा, तुझ्याबरोबर काही ठरवायचं म्हणजे जीव नकोसा होतो.” उजवीकडे मी लिहिलं: मी तिला नकोशी झालेय. सगळेच माझ्यामागे हेच बोलत असतील. कोणाला माझ्याबरोबर कुठे जायचं नसतं. मी लहानपणापासून अशीच डोकेदुखी आहे. लिहिताना हात थरथरत होता, पण लिहून झाल्यावर डावीकडे बघितलं तर तिथे “नकोशी तू आहेस” असं कुठे नव्हतंच, “ठरवायचं म्हणजे” नकोसं होतं असं होतं. “सगळेच” हा शब्द नव्हता. लहानपण तर तिने काढलंच नव्हतं, ते मी आणलं होतं, कुठून आणलं हेही मला माहीत होतं, शाळेत असताना एका मोठ्या माणसाने चारचौघांत मला “शंकासुर” म्हटलं होतं ते.

चार महिने मला छळत होता तो उजवा रकाना. तो लिहिला होता मीच, तिचा त्यात एक शब्द नव्हता.

डावीकडचं वाक्यही कधी कधी खरंच वाईट असतं, म्हणजे “तू कुणाच्या प्रेमाच्या लायकीची नाहीस” असलं कोणी बोललं असेल तर त्यात शोधायला काही नाही. ते स्वभावाबद्दलचं बोलणं नाहीच, तो नुसता वार आहे. त्याचं काय करायचं ते आठव्या पायरीत.

पायरी ३: वर्णन कुठलं आणि शेरा कुठला

१९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश घेऊन माणसांचं वर्णन करणारे सगळे शब्द वेचून काढले. निघाले १७,९५३. मग त्यांनी ते वेगवेगळ्या ढिगांत टाकले. टिकाऊ स्वभावगुण सांगणारे शब्द भरले ४,५०४, आणि ज्यात वर्णनापेक्षा लोकांचं मत, पसंती-नापसंतीच जास्त आहे असे शब्द भरले ५,२२६. म्हणजे माणूस कसा आहे हे सांगणाऱ्या शब्दांपेक्षा तो आम्हाला कसा वाटतो हे सांगणारे शब्द जास्त! मला हे वाचून किती हलकं वाटलं सांगू.

मराठीत तर हे पदोपदी दिसतं. पैसे जपून वापरणारा काटकसरी, तोच आवडत नसेल तर चिक्कू. मताला चिकटून राहिला तर ठाम, नाहीतर हट्टी, हेकेखोर. कमी बोलणारा आवडत असेल तर शांत, नाहीतर शिष्ट, घुम्या. पटकन पुढे होणारी मुलगी धीट, नाहीतर आगाऊ. पाहुण्यांसमोर डोळे भरून आले तर हळवी, आणि घरच्यांना उशीर होत असताना भरून आले तर रडूबाई. माणूस तोच आणि स्वभावही तोच, वेगळं असतं ते समोरच्याचं त्या क्षणाचं मन.

तर कागदावरच्या वाक्यातला जो शब्द बोचलाय त्याखाली रेघ मारा आणि त्याच गोष्टीला तुमचं भलं चिंतणारा माणूस काय म्हणेल ते शेजारी लिहा, मग दोन्ही बाजूला ठेवून तिसरा शब्द शोधा ज्यात शिवीही नाही आणि कौतुकही नाही. “कीस काढणारी” आणि “बारकाईने बघणारी” यांच्या मधलं माझं वाक्य असं झालं: “निर्णय घ्यायच्या आधी मला बरीच माहिती लागते, नाही मिळाली तर मी अस्वस्थ होते.” दिसायला अगदी कोरडं आहे हे वाक्य, पण ते मी कुणालाही मान खाली न घालता सांगू शकते. स्वीकारायचं आहे ते हे वाक्य. लोकांनी दिलेलं नाव स्वीकारायची काही गरज नाही.

पायरी ४: कोण बोललं, कुठे, आणि असं आणखी कोण बोलतं

लोक आपल्याला एका खिडकीतून बघतात. ऑफिसमधले तुम्हाला घरी बघत नाहीत, घरचे मित्रांत बघत नाहीत. शिवाय १९७७ मध्ये ली रॉस यांनी एका चुकीला नाव दिलं ती आपण सगळेच करतो, दुसरा कोणी चिडला तर आपण म्हणतो तो चिडकाच आहे, परिस्थितीकडे बघतच नाही, आणि आपण चिडलो तर सांगतो की आज दिवसच तसा होता.

म्हणून मोजा. एकमेकांना न ओळखणाऱ्या किती जणांनी, वेगवेगळ्या ठिकाणी, हीच गोष्ट तुम्हाला सांगितलीय? एकानेच, तेही तो दमलेला असताना, तर त्याला तेवढंच वजन द्या. तिघाचौघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितली असेल तर तिथे काहीतरी आहे, बघायला हवं. बघायला हवं म्हणजे तुमच्यात खोट आहे असं नाही, एवढंच की ती गोष्ट बाहेरून दिसते आणि कुणाला तरी टोचते.

पायरी ५: स्वभावाचा जमाखर्च मांडा

आधी एक गोष्ट मनातून काढा, की मी नीट प्रयत्न केले असते तर अशी झालेच नसते. जुळ्यांवर आणि कुटुंबांवर झालेल्या कितीतरी वर्षांच्या अभ्यासांतून साधारण असं निघतं की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकाचा ४० ते ५० टक्के भाग अनुवंशिक असतो. उरलेल्यात वाढ, प्रसंग, संगत, नशीब सगळं येतं, त्यातलंही बरंचसं आपण निवडलेलं नसतं. मानसशास्त्रात हल्ली स्वभाव मोजताना पाच पट्ट्या धरतात, नव्याची ओढ, शिस्त, लोकांत रमणं, जुळवून घेणं आणि भावनांची चढउतार, आणि बहुतेक माणसं प्रत्येक पट्टीवर मध्याच्या आसपासच असतात. त्यामुळे ऑनलाइन टेस्ट देऊन “INFJ” सारखा स्वभावाच्या प्रकाराचा चार अक्षरांचा शिक्का मारून घेऊ नका, लोकांनी मारलेला एक शिक्का पुसायचा आणि दुसरा स्वतः मारून घ्यायचा यात काय मिळालं?

आता जमाखर्च. मागच्या एका महिन्यात या स्वभावाचा कुठे उपयोग झाला ते जमेत, कुठे किंमत मोजावी लागली ते खर्चात. अट एकच, “मी काळजी घेते” असलं गोलमाल लिहायचं नाही, प्रसंग लिहायचा, कोण होतं, काय झालं. माझ्या जमेत होतं, एका करारातली चुकलेली तारीख मी तिसऱ्यांदा वाचताना पकडली, सगळ्यांचं काम वाचलं. बहिणीच्या ऑपरेशनच्या आधी मी विचारलेल्या प्रश्नांमुळे तिची एक ॲलर्जी कागदावर नोंदवायची राहिली होती ते लक्षात आलं.

आणि खर्चात. त्या रात्रीचं चॅट मी परत उघडलं आणि मोजलं. एका तासात माझे १४ मेसेज, त्यातल्या ११ मध्ये प्रश्नचिन्ह. तिचे तीन. आणि त्या तीनमधल्या पहिल्यात तिने लिहिलं होतं, “आज खूप दमलेय गं.” ते मी वाचलंच नव्हतं. म्हणजे वाचलं असणार, पण त्यावर एक अक्षर न लिहिता पुढचा प्रश्न टाकला होता. हे बघून मला खूप वाईट वाटलं, पण हे वाईट वाटणं चार महिन्यांच्या त्या वाईट वाटण्यापेक्षा वेगळं होतं, याचं काहीतरी करता येण्यासारखं होतं.

खर्चाचा रकाना टाळू नका. जमेचीच बाजू लिहिली की आपणच आपल्याला पटवतोय असं वाटत राहतं, आणि तो स्वीकार पुढच्या टोमण्यालाच कोसळतो.

पायरी ६: स्वतःशी कसं बोलायचं

“स्वतःवर प्रेम करा” हे वाक्य मला कधी वापरताच आलं नाही, कारण करायचं काय हे त्यात नाही. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःबद्दलच्या करुणेचे तीन भाग सांगितले ते मला वापरता आले: स्वतःशी मायेने बोलणं, हे सगळ्या माणसांचं होतं हे लक्षात ठेवणं, आणि जे वाटतंय ते न दाबता आणि न फुगवता बघणं. व्यवहारात मी स्वतःला नावाने हाक मारून तीन छोटी वाक्यं बोलते. तुला लागलंय. असं ऐकून कुणालाही लागलं असतं. आता डावा रकाना बघ. बस.

लिहायची सवय असेल तर सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, मनात येईल ते लिहा, शुद्धलेखनाकडे बघू नका. जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत तपासली, तेव्हापासून ती खूप वापरली जाते. लिहून लगेच जरा जड वाटतं, ते चालतं, पण दिवसेंदिवस जास्तच खचायला होत असेल तर थांबा.

पायरी ७: स्वभाव ठेवा, वागण्यातली एकच गोष्ट बदला

इथे लोक दोन टोकांना जातात. एकतर “मी अशीच आहे” म्हणून सगळं माफ, नाहीतर मुळापासून दुसरी व्यक्ती व्हायचा आटापिटा. “माझा स्वभाव रागीट आहे” हे खरं असेलही, पण त्याने घरातली लहान पोरं दचकत असतील तर स्वभाव स्वीकारला म्हणून ओरडण्याला परवानगी मिळत नाही. राग आपोआप आला, पुढचं वाक्य मात्र तुम्ही बोललात, त्या दोन्हींत जेवढी फट आहे तेवढ्यातच काम करायचंय.

खर्चाच्या रकान्यातला एक प्रसंग घ्या आणि “जेव्हा… तेव्हा…” असं वाक्य बनवा. नेथन हडसन आणि ख्रिस फ्रेली यांनी २०१५ मध्ये १६ आठवड्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले, स्वभावात थोडा बदल हवा असलेल्या लोकांवर, आणि त्यात नेमकं कधी काय करायचं अशा ठोस योजनांनी फरक पडला, नुसत्या मोघम इराद्यांनी नाही. फरक लहानच होता, पण होता.

माझं वाक्य: जेव्हा तीनपेक्षा जास्त प्रश्न मनात येतील तेव्हा ते आधी नोट्समध्ये लिहीन, आणि विचारेन, “मला काही गोष्टी विचारायच्यात, आत्ता की उद्या?” प्रश्न एकही कमी केला नाही मी. फक्त दार वाजवून आत जायला लागले. अबोल माणसाला असं जमेल: जेव्हा मीटिंगमध्ये पटकन सुचत नसेल तेव्हा “मला विचार करू दे, संध्याकाळपर्यंत लिहून पाठवतो” असं तोंडाने सांगेन, म्हणजे गप्प बसण्याचा कोणी भलता अर्थ काढणार नाही. स्पष्ट बोलणाऱ्याला: जेव्हा कुणाच्या कामावर मत द्यायचं असेल तेव्हा आधी विचारेन, “मत हवंय की नुसतं दाखवतोयस?” हळव्या माणसाला: जेव्हा डोळे भरून येतील तेव्हा “मी ऐकतेय, मला दोन मिनिटं दे” म्हणेन, उठून निघून जाणार नाही.

एका वेळी एकच वाक्य, निदान महिनाभर.

पायरी ८: त्या माणसाशी बोला, किंवा अंतर ठेवा

जवळचं माणूस असेल तर बोलाच. आधी तुम्हाला काय लागलं ते, मग त्यातलं काय पटलं ते, मग काय नाही पटलं ते, आणि हा क्रम मोडू नका. मी म्हटलं, “तू जीव नकोसा होतो म्हणालीस ते मला खूप लागलं. तू दमलेली असताना मी प्रश्नांचा मारा केला हे मला पटलंय, त्याचं मला वाईट वाटतं. पण मला सगळं विचारून घ्यायला लागतं, ते मी बंद करू शकत नाही आणि मला करायचंही नाही.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला प्रश्नांचा त्रास नव्हता गं, मला वाटत होतं की मी काहीही ठरवलं तरी तुला ते चुकीचंच वाटणार.” हे मला वर्षानुवर्षं माहीतच नव्हतं. “कीस काढतेस” या दोन शब्दांमागे हे होतं.

सगळ्यांशी असं होईलच असं नाही. पुन्हापुन्हा, चारचौघांत, तुम्ही सांगितल्यावरही तेच बोलत असेल कोणी, तर स्पष्ट सांगा: “माझ्या वागण्यातलं काही खटकलं तर मला एकटीला सांग, मी ऐकेन. सगळ्यांसमोर माझ्या स्वभावावर बोललास तर मी तिथून उठेन.” आणि मग खरंच उठा. ज्या घरातून किंवा ऑफिसमधून लगेच निघता येत नाही तिथे आपल्याबद्दलची माहिती कमी द्यायची, उत्तरं छोटी ठेवायची, आणि जिथे श्वास घेता येतो अशी दोन माणसं बाहेर जपायची. ऐकावं जनाचं करावं मनाचं हे खरं, पण प्रत्येक जनाचं ऐकत बसायलाच पाहिजे असंही नाही.

आणि परत कोणी तेच बोललं तर

बोलतील. मलाही बोलतात. तेव्हा सगळ्या पायऱ्या परत चढायला लागत नाहीत, जुना कागद काढायचा आणि खाली तारीख घालून नवं वाक्य लिहायचं, त्यात नवीन काही आहे का बघायचं.

पण दोन आठवडे झाले तरी रोजच मन उदास आहे, झोप किंवा जेवण बिघडलंय, कामात लक्ष लागत नाहीये, किंवा एका वाक्यावरून सुरू झालेलं आता “मी कुणालाच नकोय” इथपर्यंत पोचलंय, तर कागदावर अवलंबून राहू नका, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. स्वतःला संपवायचा विचार आला तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच मिनिटाला जवळच्या कुणाला तरी सांगायचं आणि एकटं राहायचं नाही.

माझ्या कागदावर आता चार तारखा आहेत. शेवटची मागच्याच महिन्यातली, ऑफिसमधला एक जण हसत म्हणाला, “तुझे प्रश्न संपले की सांग.” मी म्हटलं, “दोन राहिलेत, आत्ता विचारू की मेलवर पाठवू?” तो म्हणाला, आत्ताच विचार.